टोचन लावण्याआधी गिअरबॉक्स आणि ब्रेक बघा

काका, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ट्रॅव्हलर व्हॅनवर कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, बांधून घेतली आहे. ती घेऊन सोलापूरहून कोकणात जायचं, पण तिथल्या अरुंद वाड्यांमधून एवढी मोठी गाडी फिरवता येत नाही, म्हणून घरची एएमटी (क्लच-गिअर यंत्राने पडणारी) वॅगन आर मागे लावून, चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढत न्यायची. होटगी रोडवरचा एक फॅब्रिकेटर लोखंडी अँगलचा ए-फ्रेम, म्हणजे दोन गाड्या जोडणारा ए अक्षराच्या आकाराचा सांगाडा, करून द्यायला तयार आहे. अमेरिकेत मुलाच्या मोटरहोममागे जीप अशीच धावताना तुम्ही पाहिली आहे, आणि मे महिन्यात तिकडे गेल्यावर ती जोडायचं-सोडायचं काम तुमच्याकडेही येणार आहे. दोन्हीकडे हे सुरक्षित कसं करायचं, असं तुम्ही विचारलंत.

दोन्हीकडची उत्तरं वेगळी आहेत. आपल्याकडे चालू स्थितीतली, बिनड्रायव्हरची गाडी अशी ओढू नका. तिकडे ओढा, पण मुलाची जीप नेमकी कोणती आहे ते कळल्यावर. मी तिकडच्या मोटरहोम वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काम केलं आणि आता सोलापुरात बंद पडलेल्या गाड्या उचलायचं काम करतो. दोन्ही ठिकाणी लोक पहिला प्रश्न हुकाचा विचारतात. हूक किती जाड, पाइप किती एमएमचा, वेल्डिंग कोणाकडून. हे प्रश्न शेवटचे आहेत. पहिला प्रश्न मागच्या गाडीच्या गिअरबॉक्सचा आणि दुसरा तिच्या ब्रेकचा.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. आपल्याकडे १९८९ च्या रस्ता नियमांत टोचनाचा, म्हणजे एका गाडीने दुसरी ओढण्याचा, स्वतंत्र नियम होता. ओढायची ती बिघडलेली किंवा अर्धवट जोडणी झालेली गाडी, नाहीतर नोंदणी असलेला ट्रेलर. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टेअरिंगवर लायसन्सवाला माणूस हवा, नसेल तर तिची पुढची चाकं क्रेनने किंवा तशा साधनाने रस्त्यावरून उचललेली हवीत. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरच्या आत, दोर किंवा साखळी लांबून ओळखू येईल अशी, मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' असा फलक, अक्षरं किमान ७५ मिलिमीटर उंच, आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत. २०१७ मध्ये ड्रायव्हिंगचे नवे विनियम आले, पण टोचन अडलेल्या गाडीसाठीच, हा गाभा तोच आहे. तुमची वॅगन आर धडधाकट, तिच्या स्टेअरिंगवर कोणी नाही आणि वेग हायवेचा. त्यात कॅम्परच्या चासीला घरगुती हूक जोडायचा म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आरसीवर नसलेला बदल म्हणून. अपघात झालाच तर विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळ्यात आधी हेच बघणार.

पण कायदा बाजूला ठेवला तरी मी नकोच म्हणेन. का, ते नीट समजावून सांगतो, कारण तिकडच्या जीपलाही हेच लागू आहे.

गाडी न्यूट्रलमध्ये ढकलली की चाकं फिरतात, म्हणजे ओढायलाही हरकत नाही, असा समज असतो. गॅरेजच्या दारातून आत ढकलण्यापुरता तो बरोबर आहे. शंभर-दोनशे किलोमीटरचा प्रश्न वेगळा, कारण चाकं फिरली की गिअरबॉक्सच्या आतलेही काही भाग फिरतात आणि त्यांना तेल लागतं. ते तेल कोण पोचवतं, यावर सगळं ठरतं. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. विहीर काठोकाठ भरलेली असली तरी मोटर बंद असताना शिवारात पाणी पोचत नाही, तशी गत होते. तेल खाली साठलेलं असतं आणि वर क्लच प्लेटा, बुश कोरडे घासत असतात. ओढणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. आवाज नाही, दिवा नाही. मुक्कामी पोचून गाडी चालू केली, डी टाकला आणि ती हललीच नाही, म्हणजे मग कळतं. सीव्हीटीमध्ये पुलीवरचा पट्टा तसाच कोरडा घासतो. ड्युअल क्लचच्या गाड्याही ओढायच्या नाहीत.

साध्या गिअरच्या गाड्यांतही फरक आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं. चाकं फिरली की त्याचा मोठा दातेरी चक्का तेलात बुडून तेल उडवत राहतो, त्यामुळे तिथे थोडा दिलासा असतो. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र प्रॉपेलर शाफ्टमुळे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्यामुळे) गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरतो आणि तेल उडवणारा खालचा शाफ्ट न्यूट्रलमध्ये जागेवर थांबलेला असतो. वरचे बेअरिंग कोरडे पडतात. म्हणून अशी गाडी लांब न्यायची असेल तर आम्ही प्रॉपेलर शाफ्ट सोडतो. फ्लँजवर खुणा करतो, म्हणजे परत जोडताना तो त्याच जागी बसतो, आणि शाफ्ट वर नीट बांधून ठेवतो.

तुमच्या वॅगन आरचा गिअरबॉक्स मुळात साधाच आहे, क्लच आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. तिची अडचण दुसरी आहे. गाडी गिअरमध्ये असताना बंद झाली आणि बॅटरी उतरली, तर तिला न्यूट्रलमध्ये आणायला हाताशी काहीच उरत नाही. एएमटी गाडी रस्त्यात गिअरमध्ये अडकली आणि कोणीतरी ट्रॅक्टर लावून तशीच ओढली, तर क्लच आणि इंजिन दोन्ही जातात. शिवाय स्टेअरिंग लॉक उघडं राहावं म्हणून चावी अर्धी फिरवून ठेवावी लागते आणि तासन्‌तास तशी ठेवली की बॅटरी हमखास उतरते. तुम्ही म्हणाल, मॅन्युअलमध्ये टोइंगचं पान आहे. ते वाचाच, पण आपल्याकडे ते पान बहुधा बिघडलेल्या गाडीला जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठी असतं. सुट्टीला गाडी सोबत ओढत न्यायची परवानगी त्यात शोधू नका. इलेक्ट्रिक गाडीचा तर विचारही नको. तिथे मोटर कायम चाकांना जोडलेली असते, चाकं फिरली की ती वीज तयार करू लागते. ईव्ही फक्त फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चारही चाकं उचलूनच.

आता ब्रेक. वॅगन आर साधारण साडेआठशे किलोची, वर तुमचं सामान. कॅम्परचे ब्रेक कॅम्परच्या वजनासाठी बनवलेले, आणि बांधणीत तुम्ही पलंग, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, फ्रिज घातल्यावर ते वजन आधीच वाढलेलं. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. म्हणजे ३० च्या वेगात जे सहज थांबतं, ते ६० ला चौपट जोराने ढकलतं. सोलापूर-कोकण म्हणजे तुम्ही राष्ट्रीय महामार्ग १६६ धरणार, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट. मिरजेपर्यंत रस्ता सरळ आहे, तिथे कदाचित काहीच वाटणार नाही. आंबा घाटाच्या उतरणीला वळणावर ब्रेक दाबलात की मागची बिनब्रेकची गाडी कॅम्परच्या शेपटीला बाहेरच्या बाजूला ढकलणार. पावसात तर मागची चाकं सुटायला वेळ लागत नाही. उतरणीवर सतत ब्रेक धरून ठेवले की ते तापून फिके पडतात, पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ऊस हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या भरून जाताना आपण रोज बघतो, मागची ट्रॉली उतारावर कशी सापासारखी वळवळते तेही बघतो. तो ट्रॅक्टर पंधरा-वीसच्या वेगात असतो म्हणून निभावतं.

तुमच्या फॅब्रिकेटरच्या हातात कला असेल, त्याबद्दल मला शंका नाही. पण अँगलचा ए-फ्रेम वॅगन आरला तो कुठे जोडणार, हे त्याला विचारा. तिला चासीचा वेगळा सांगाडा नाही, अख्खी बॉडीच वजन पेलते. बंपरच्या आतली पट्टी ठोकर झेलण्यासाठी असते, सतत ओढ खाण्यासाठी नाही. बंपरवरचं झाकण काढून जो डोळ्याचा बोल्ट फिरवून बसवतो, तो अडकलेली गाडी बाहेर काढायला किंवा फ्लॅटबेडवर चढवायला. त्यावर शेकडो किलोमीटरचे हेलकावे द्यायचे नाहीत. वेल्डिंगचा सांधा पहिल्या दिवशी तुटत नाही. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक गतिरोधकाला तो एकदा खेचला जातो, एकदा दाबला जातो, आणि आतून बारीक तडा वाढत जातो. तो सुटेल त्या क्षणी मागे दुचाकीवर कोण असेल, हे आपल्या हातात नसतं.

मग कोकणचं काय करायचं? घरात दुसरा गाडी चालवणारा असेल तर वॅगन आर मागून चालवत न्या, डिझेल-पेट्रोलचा हिशेब केला तरी हाच मार्ग स्वस्त पडेल. नसेल तर कॅम्पर मुक्कामी लावा आणि आतल्या वाटांसाठी तिथली रिक्षा किंवा भाड्याची दुचाकी घ्या. ट्रेलरच हवा असेल तर नोंदणीचा, स्वतःचे ब्रेक आणि दिवे असलेला घ्या, आणि त्याआधी कॅम्परच्या चासीला किती वजन ओढायची परवानगी आहे ते कंपनीकडून लेखी मिळवा. लेखी मिळालं नाही तर विषय तिथेच सोडा.

आता तुमचं अमेरिकेचं. तिकडे हा प्रकार रुळलेला आहे आणि त्यासाठी पूर्ण सामग्री मिळते, म्हणून तिथे मी हो म्हणतो. तरीसुद्धा कुठलीही गाडी चालत नाही. एकाच मॉडेलची एका वर्षाची गाडी चालते आणि पुढच्या वर्षाची चालत नाही. होंडा सीआर-व्ही हे त्याचं ठळक उदाहरण: २०१४ पर्यंतची गाडी ठरावीक पद्धतीने ओढता यायची, २०१५ ला सीव्हीटी आली आणि ते बंद झालं. त्यामुळे कोणी "आमचीही हीच गाडी आहे, आम्ही ओढतो" म्हटलं तर त्यावर जाऊ नका. तिकडच्या मॅन्युअलमध्ये मोटरहोममागे ओढण्याचं वेगळं पान असतं, ते त्याच वर्षाच्या, त्याच गिअरबॉक्सच्या पुस्तकातलं वाचा.

रँग्लर जीप या कामासाठी चांगली, कारण तिच्या ट्रान्सफर केसला (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीला) स्वतःचा न्यूट्रल आहे. तो टाकला की चाकं आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटतात, मग गिअरबॉक्सच्या तेलाचा प्रश्नच राहत नाही. पण नेमका हाच भाग सगळ्यात धोक्याचाही आहे. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरचा दांडा पार्कवर असूनही जीप घरंगळते. लोक दांडा पी वर बघतात आणि निर्धास्त खाली उतरतात. म्हणून क्रम पाठ करा: सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, आधी टो-बार (दोन गाड्या जोडणारा दांडा) जोडायचा, पिना आणि साखळ्या लावायच्या, मग पुस्तकातल्या क्रमाने ट्रान्सफर केस न्यूट्रल. इंजिन चालू ठेवून एकदा रिव्हर्स आणि एकदा डी टाकून बघायचं, गाडी हलत नाही याची खात्री करायची, मग इंजिन बंद, ऑटोमॅटिक असेल तर पार्क, आणि सगळ्यात शेवटी हँडब्रेक सोडायचा. सोडताना याच्या उलट: हँडब्रेक आधी, ट्रान्सफर केस परत टू-एच मध्ये (नेहमीच्या दोन चाकांच्या ड्राइव्हवर), गाडी गिअर धरते का ते बघायचं, आणि मगच पिना काढायच्या. घाईत ट्रान्सफर केस फोर-लो मध्येच (चारही चाकांच्या सगळ्यात जड गिअरवर) राहिली आणि गाडी गिअरमध्ये असताना हायवेवर ओढली गेली, तर इंजिनचे तुकडे होतात. हे काम एकाच माणसाने करावं. तुम्ही आणि मुलगा दोघे मिळून करायला गेलात की एकाला वाटतं दुसऱ्याने केलं. मधे कोणी बोलायला आलं तर पहिल्यापासून परत तपासा.

वजनाचा हिशेब मुलाला करायला लावा. मोटरहोमच्या कागदांवर गाडी आणि मागचं ओझं मिळून एकूण किती चालेल तो आकडा असतो. त्यातून मोटरहोमचं खरंखुरं भरलेलं वजन वजा करायचं. पाणी, गॅस, माणसं, सामान धरून, काट्यावर घालून. उरेल तेवढंच ओझं मागे लावता येतं. ब्रोशरमधलं वजन धरू नका. चार दारांची रँग्लर सव्वाचार ते साडेचार हजार पौंडांत जाते. मग हूक, त्याची उंची खाली आणणारा जोड, टो-बार, जीपला बसवलेली बेस प्लेट (टो-बार ज्यात अडकतो ती पट्टी), साखळ्या, या सगळ्यांवर छापलेले आकडे बघा. त्यात जो सगळ्यात लहान तोच तुमचा आकडा, बाकीचे कितीही मोठे असोत. टो-बार जमिनीला जवळजवळ समांतर असावा, तीन इंचांपेक्षा जास्त चढ-उतार नको. जास्त कलला तर जोरात ब्रेक लावताना जीप मोटरहोमच्या शेपटीवर चढू पाहते किंवा तिच्या खाली शिरते. साखळ्या एकमेकींना फुलीत ओलांडून लावायच्या, म्हणजे बार सुटला तरी तो जमिनीला न टेकता त्यांच्यावर झेलला जातो.

मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक हवाच. तिकडच्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवर तो सक्तीचा आहे, पण राज्य कोणतंही असो, लावा. ब्रेक पेडलवर बसवायची पेटी मिळते, तसंच कायमचं बसवायचं यंत्रही मिळतं. पुढची गाडी जितकी जोरात थांबेल तितक्याच जोराने मागचा ब्रेक लावणारं यंत्र घ्या. जोडी तुटली तर मागचा ब्रेक आपोआप लागण्यासाठी एक बारीक तार असते, तिची पिन ओढून महिन्यातून एकदा खरंच ब्रेक लागतो का ते बघायचं. एक बारीक गोष्ट कायम निसटते: इंजिन बंद असताना ब्रेकचा व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. पेटी बसवताना तिच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे आधी तो व्हॅक्यूम संपवायचा असतो. तो राहिला तर पहिल्याच दाबाला जीपची चाकं जाम होतात. उलट, पेटी पेडलला किंचित दाबून बसली असेल तर ब्रेक सतत लागलेला राहतो. म्हणून निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर पुढे जाऊ नका.

मागच्या गाडीच्या टायरची हवा गेली तर मोटरहोम चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. एवढ्या मोठ्या गाडीला मागचा जोर जाणवतच नाही. टायर फाटून, रिम घासून, आग लागेपर्यंत गाड्या ओढल्या गेल्या आहेत. जीपच्या चारही चाकांना हवा सांगणारे सेन्सर लावून त्यांचा डबा मोटरहोमच्या डॅशबोर्डवर ठेवा, आणि मागचा कॅमेरा चालू ठेवा. जीपच्या मागच्या दिव्यांसाठी वेगळे बल्ब लावा किंवा वायरिंगमध्ये डायोड बसवून घ्या, नाहीतर मोटरहोमचा करंट जीपच्या सर्किटमध्ये उलटा शिरतो.

रिव्हर्स घ्यायचाच नाही. ट्रेलर मागे घेता येतो म्हणून हेही येईल असं वाटतं, पण इथे मागच्या गाडीची पुढची चाकं मोकळी असतात. मागे ढकललं की ती एकदम एका बाजूला पूर्ण वळतात आणि टो-बार वाकतो. दोन-चार फूटसुद्धा नको. त्यामुळे पेट्रोल पंपावर किंवा कॅम्पग्राउंडमध्ये शिरण्याआधी बाहेर पडायची वाट दिसली पाहिजे. अडकलातच तर आधी जीप सोडा. सोडताना दोन्ही गाड्या सरळ रेषेत आणि सपाट जागी असाव्यात, वळणावर बारवर ताण असतो आणि पिन निघत नाही. हातोडी मारून पिन काढू नका, गाडी इंचभर पुढे घ्या.

दोराच्या टोचनाबद्दलही थोडं सांगतो, कारण कोकणाच्या वाटेवर तुमच्यावर किंवा दुसऱ्या कोणावर ती वेळ येऊ शकते. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ लावा, तो हायवेचा मदत क्रमांक आहे. दोर लावायचाच असेल तर फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत, दिवसाउजेडी आणि नियमातल्या वेगाने. मागच्या गाडीत जाणता ड्रायव्हर बसवा आणि त्याला आधीच सांगा की ब्रेक दगडासारखा लागेल, स्टेअरिंग जड होईल. इंजिन चालू होत असेल तर ते चालूच ठेवा, दोन्ही हलकं राहील. दोर ताणलेला ठेवायची जबाबदारी मागच्या ड्रायव्हरची. पुढचा थांबताना मागच्याने हलका ब्रेक धरायचा. दोराच्या मधोमध लाल फडकं बांधा. सोलापुरात सात रस्त्याला किंवा आसरा चौकात दोन गाड्यांमध्ये फट दिसली की दुचाकीवाला घुसतोच, त्याला दोर दिसत नाही. त्या गर्दीत दोर लावून येऊच नका, शहराच्या बाहेर थांबून क्रेन बोलवा.

मुलाकडून जीपचं मॉडेल वर्ष, गिअरबॉक्सचा प्रकार, मॅन्युअलमधलं टोइंगचं पान आणि हुकावरच्या पट्टीचा फोटो मागवून घ्या आणि इथे टाका. बेस प्लेट कोणती घ्यायची आणि ब्रेकची कोणती पेटी त्या जीपला जमेल, हे ते बघून सांगतो.